दुसऱ्या भागाबद्दल माझं मत

दुसरा भाग काढूच नये असं माझं मत आहे. सिनेमाचा नाही, आणि गेमचा तर अजिबात नाही. पहिला भाग कोणाला तरी काहीतरी सांगायचं असतं म्हणून होतो. दुसरा होतो तो पहिला चालला म्हणून. शिळ्या कढीला ऊत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात, पण सिनेमावाले मागून येऊन त्याच दगडाला मुद्दाम ठेचकाळतात, कारण पहिल्या वेळी लोक हसले होते. तिसऱ्या भागापर्यंत तर तो दगडच नायक झालेला असतो.

व्हीआरबद्दलही माझं मत आहे. लोकांना वाटतं, हेडसेट घातला की माणूस दुसऱ्या जगात जातो. कुठेही जात नाही. तोंडाला डबा बांधून आपल्याच खोलीत उभा राहतो आणि त्याला घाम येतो. बाहेरून बघणाऱ्याची करमणूक होते ती वेगळी. आतलं सगळं दिसतं, ऐकू येतं, फक्त हाताला लागत नाही. लोक याबद्दल तक्रार करतात. मला त्या दिवसांत ती तक्रार कळायची नाही, कारण मला डबा न घालताही काही हाताला लागत नव्हतं.

मी गेम तपासतो. माझ्याकडे भिंती असतात. भिंतीला चिकटून चालायचं, कोपऱ्यात डोकं खुपसायचं, टेबलावर चढून उडी मारायची आणि कुठून आरपार जाता येतं ते शोधायचं. गेलो आरपार की कळवायचं, म्हणजे ती जागा बुजवतात. ऑफिसात मला भिंत्या म्हणतात. तेव्हा हातात होता तो गेम म्हणजे एका भुताटकीच्या घराचा दुसरा भाग, आणि तोही व्हीआरमध्ये. म्हणजे ज्यांना नावं ठेवायची त्यांच्याच घरी जेवायचं. हे माझं मला कळतं, कोणी चिमटे काढायची गरज नाही.

आई गेल्यापासून मला काही वाटेनासं झालं होतं. दुःख फार मोठं असलं की असं होतं, असं लोक म्हणाले. असेल. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तेव्हा आपलाच ओठ दुसऱ्या कोणाचा वाटतो, तसं चाललं होतं. फक्त इथे डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेला होता आणि ते उतरलंच नव्हतं. जेवण जायचं. झोप लागायची. कामात तर मी पहिल्यापेक्षा सुधारलो होतो. समोरची भिंत रक्ताने माखलेली असली तरी मी तिला निवांत खांदा लावून बघायचो. आमची टीम लीड म्हणाली, "भिंत्या, तू भुतांना कंटाळा आणशील."

मतं मात्र शाबूत होती. वाटणं गेलं आणि मतं राहिली, आणि बराच काळ कोणाला फरक कळला नाही.

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. सिनेमाची आवड बेताचीच. त्यामुळे एका शनिवारी सकाळी ते स्वतःहून म्हणाले, "चल, सिनेमाला जाऊ, तुझ्या आवडीचा कुठला असेल तो," तेव्हा मला संशय यायला हवा होता. तो आला नाही. एका गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. पहिल्यात दीपगृहावरच्या माणसाची बायको मरते आणि तो तिच्याशिवाय दिवा लावायला वर चढत जातो, तिथे सिनेमा संपतो. चांगला संपतो. दुसऱ्या भागात त्याला नवी बाई भेटते, दोघं मिळून जिना रंगवतात, आणि शेवटी कुत्रा आणतात.

बाहेर आल्यावर आम्ही कॉफी प्यायला बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी सुरू झालो. म्हटलं, यांना वाटतं, पहिलीच्या खुर्चीत दुसरीला बसवलं की गोष्ट पुढे जाते. म्हटलं, ज्यांनी पहिला भाग जीव लावून पाहिला त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं आहे हे. म्हटलं, त्या माणसाने शेवटच्या पायरीवर जे कमावलं होतं ते याने जिन्याच्या रंगात घालवलं. बाबा कप फिरवत बसले होते.

"वाईट नव्हती रे ती बाई," ते म्हणाले.

"वाईट नाही हो, गरज नव्हती."

"कुत्रा चांगला होता."

"कुत्रा कशासाठी आणलाय माहितीये? तिसऱ्या भागासाठी."

बाबा हसले नाहीत. कॉफी अर्धी ठेवून उठले. घरी जाताना ते नेहमीपेक्षा हळू चालत होते, आणि मी तिसऱ्या भागाबद्दल बोलत होतो.

आठवड्याभरात आत्याचा फोन आला. मी ऑफिसात होतो, हेडसेट कपाळावर सरकवून जेवत होतो.

"काय रे शहाण्या, बापाला नाही म्हणालास?"

"कशाला?"

"लग्नाला."

"कोणाच्या?"

"माझ्या! या वयात मला दुसरं काय सुचणार? अरे, त्याच्या! त्या चष्मेवालीशी."

मी घास चावत राहिलो. आत्या बोलत होती. "ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयच आहे त्याला. तुला सांगायचं म्हणून सिनेमाला घेऊन गेला, आणि तू म्हणे तासभर दुसऱ्या बायकोवर भाषण ठोकलंस."

"मी सिनेमाबद्दल बोलत होतो."

"त्याला ते काय माहीत? मला म्हणाला, ताई, पोराचं मत पक्कं आहे, विषय संपला. रडला नाही, पण आवाज असा लागला होता ना... तू माणूस आहेस की कोण आहेस रे?"

मी म्हणालो, बघतो. आत्याने फोन आपटला, आणि मी हेडसेट खाली ओढून उरलेली भिंत तपासली.

चष्मेवालीचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला. उंच, आखूड केस, नवऱ्यापासून केव्हाच वेगळी झालेली. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, नाकाच्या उंचवट्याकडे बघते, जिथे चष्मा टेकतो तिथे. हेडसेटमध्ये माझा चष्मा मावत नव्हता, तेव्हा तिने आतल्या मापाची भिंगं घासून बसवून दिली होती. बाबांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा मीच त्यांना तिच्याकडे नेलं, आणि मला काम आहे म्हणून तिथे सोडून आलो. तेव्हा धोंडा माझ्याच पायावर होता आणि हातही माझाच होता. पण पाय बधिर असला की धोंड्याचंही काही वाटत नाही.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात नळाचा वायसर बदलत होते.

"आत्याचा फोन आला होता," मी म्हणालो.

"हं."

"मी त्या सिनेमाबद्दल बोलत होतो बाबा. मला माहीत नव्हतं."

"बरं."

"मला काही हरकत नाही."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि हात पुसले. बराच वेळ पुसले. "ते नको," म्हणाले.

"काय नको?"

"हरकत नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला, बाहेरून मी विचारलं, काय हो, बरे आहात ना? आणि आतून आवाज आला, हरकत नाही. तर मी काय समजायचं? जिवंत आहे की गेला?"

"मग काय म्हणू?"

"हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तर मी करणार नाही. राग धरणार नाही, तुझ्या आईशप्पथ." आईचं नाव तोंडात आल्यावर ते जरा थांबले. "त्या सिनेमांबद्दल, खेळांबद्दल तुझ्या तोंडाला नुसती धार लागते. मी ऐकतो, निम्मं कळत नाही, तरी ऐकतो. आणि माझ्याबद्दल हरकत नाही? अर्जावरचा शेरा आहे का तो?"

मी ओट्यावरचा जुना वायसर उचलून बघितला.

"रविवारी ती जेवायला येणार आहे. तोवर सांग."

"तिला काय सांगितलंय?"

"खरं तेच. तुझ्यावर आहे म्हणून."

"हे बरोबर नाही बाबा."

"नसेल. पण घरात आता आपण दोघंच. मी तुला न विचारता करायचं, तर मग राहिलं काय?" ते परत नळाकडे वळले. नळ सुरू करून बघितला. गळत नव्हता.

आमच्या कामात बग सापडला की पहिला प्रश्न असतो, पुन्हा होतो का? एकदाच झाला आणि परत करून दाखवता आला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. त्या आठवड्यात मी स्वतःला तसं तपासलं. बाबा बाहेर गेलेले बघून आईच्या कपाटासमोर उभा राहिलो आणि ते उघडलं. तिच्या साबणाचा वास आला. काही झालं नाही. बंद करून परत उघडलं. तरी काही नाही. मग त्याच कपाटात चष्मेवालीचे कपडे लटकताहेत असं डोळ्यांसमोर आणलं. हँगर मोकळे होतील आणि परत भरतील, इतकंच डोक्यात आलं. आईचा फोटो बघितला. फोटोत ती उन्हामुळे डोळे बारीक करून बघत होती. मला भूक लागली होती, म्हणून मी जाऊन ब्रेड खाल्ला.

हो म्हणालो असतो तरी ते खोटं झालं असतं, आणि नाही म्हणालो असतो तरी खोटंच. खोटं बोलायला माझी ना नव्हती. पण बाबांना नुसत्या आवाजावरून कळायचं, दोर कुठे घासतोय ते.

लीडला सांगितलं, कारण दिवसभर तिच्याच शेजारी बसतो. ती म्हणाली, "नाणं उडव."

"इथे? हेडसेटमध्ये?"

"हो. ते हवेतच अडकेल आणि तू त्याचा बग नोंदवशील." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "भिंत्या, तुला खरंच काही वाटत नाही का रे?"

"नाही."

"भीतीसुद्धा नाही?"

मी थोडा विचार केला आणि नाही म्हणालो. तिने तिचं बिस्किट माझ्या पुढ्यात सरकवलं.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सकाळपासून ते टेबलावरचे चमचे सरळ करत होते. चष्मेवाली कापलेली फळं घेऊन आली. जेवताना कोणी काही विचारलं नाही. हवा कशी आहे, दुकानासमोरचा रस्ता किती दिवस खणून ठेवलाय, यावर बोलून झालं. ती मला म्हणाली, "भिंगं नाकाला टोचत नाहीत ना?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "टोचली तर सांगा. लोक सांगत नाहीत, मग नाकावर घट्टा पडतो." बाबा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पालकासारखे.

जेवण झालं, भांडी आवरली. मी अजून काही म्हणालो नव्हतो. बाबांना ते सहन होईना. उठले आणि म्हणाले, "चल, तुझं ते भूत तरी दाखव आम्हाला."

शनिवार-रविवारी हेडसेट मी कामासाठी घरी आणतो. मी टेबल आणि खुर्च्या भिंतीला लावून जागा मोकळी केली आणि माझी भिंगं काढून बाबांच्या डोक्याला डबा बांधला. त्यांनी सवयीने पट्टा ओढून बघितला, भार घेईल का म्हणून. आत जे दिसतं ते बाहेर टीव्हीवर दिसत होतं. आमच्यात एक रीत आहे. नवा माणूस आत गेला की एकाने त्याच्या मागे उभं राहायचं, हात पुढे ठेवून. त्याला पाठराखा म्हणतात. पाठराख्याने टीव्हीकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं, कारण माणूस आतल्या भिंतीला टेकायला जातो आणि ती भिंत बाहेर नसते. मी नव्या मुलांना हे शिकवतो. तसा मी बाबांच्या मागे उभा राहिलो. चष्मेवाली बाजूला उभी होती.

"अरे वा," बाबा म्हणाले. "घर चांगलं आहे की. भूत कुठाय?"

"येईल. सरळ जा, स्वयंपाकघर आहे."

ते लहान लहान पावलं टाकत गेले. मग थांबले. डब्याखाली त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"ओटा खिडकीखाली आहे रे," ते म्हणाले. "तुझ्या आईला असाच हवा होता. किती वर्षं म्हणत होती, ओटा खिडकीखाली घ्या, काम करता करता बाहेर तरी दिसेल. मी म्हणायचो, बघू. जगाच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि घरातला एक ओटा हलवला नाही."

खोलीत आणखी कोण आहे हे ते विसरले होते. चष्मेवाली हलली नाही. मी टीव्हीकडे बघितलं. खिडकीबाहेर करड्या उजेडात गवत हलत होतं. ओट्याची कडा मी आदल्याच आठवड्यात तपासली होती. कोपऱ्यात एका जागी हात थोडा आत जायचा, ते बुजवलंय का, ते मी बघत होतो. बाबांचे आतले हात ओट्याकडे गेले. कडेवर टेकले. आत गेले नाहीत. बुजवलंय, असं माझ्या मनात आलं.

मग धप्प आवाज झाला.

बाबांनी बाहेर बघायला म्हणून दोन्ही हात ओट्यावर टेकून त्यावर सगळा भार टाकला होता. मी वळलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते, आणि चष्मेवाली त्यांच्या मागे गुडघ्यांवर होती. तिचे दोन्ही हात त्यांच्या काखेतून पुढे येऊन छातीवर घट्ट धरलेले. तिचा चष्मा कुठेतरी उडाला होता. बाबांचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यापासून वितभरही लांब नव्हतं.

डबा अजून त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांनी छातीवरच्या हातावर थाप मारली. "शाबास पोरा," ते धापा टाकत म्हणाले. "बरोबर धरलंस. तू होतास म्हणून."

चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय तिला मी नीट दिसतही नसेन. ती काही बोलली नाही. हातही काढून घेतला नाही. ते श्रेय मला घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं, असं तिने ठरवलं होतं, हे मला स्वच्छ कळलं. बाबा त्या हाताला माझा हात समजून थोपटत राहिले.

आणि मला वाटलं. राग आला. ती माझी जागा होती. बाबा पडले तर मी धरायचं होतं, आणि आई पडली असती तर बाबांनी, आणि ही कोण? मग त्याच्या मागोमाग दुसरं आलं, आईचं, ते सगळंच्या सगळं आलं, खिडकीखालच्या ओट्यासकट.

"मी नाही बाबा," मी म्हणालो. "त्यांनी धरलं."

बाबांचा हात थांबला. त्यांनी डबा काढला. छातीवरच्या हाताकडे बघितलं, मग मागे वळून तिच्याकडे, मग माझ्याकडे.

"मग तू कुठे होतास?"

"इथेच. टीव्ही बघत होतो."

बोलताना मला रडू फुटलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर आधी घाबरल्यासारखं काहीतरी आलं. आई गेली त्या दिवशीही त्यांनी मला रडताना पाहिलं नव्हतं.

"लागलं का कुठे तुला?" त्यांनी विचारलं. पडले होते ते स्वतः.

"मला नाही म्हणायचंय," मी म्हणालो. "आत्ता कळलं. मला खरंच नाही म्हणायचंय."

चष्मेवालीने हात सोडवून घेतले आणि ती जमिनीवर चाचपत चष्मा शोधू लागली. "मी निघते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बोला."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. ते मला म्हणत होते. "ठीक आहे रे. विचारलं म्हणून सांगितलंस. बरं केलंस." त्यांनी मान खाली घातली आणि शर्टाची इस्त्री हाताने सारखी करायला लागले.

"थांबा हो," मी तिला म्हणालो. चष्मा माझ्या पायाशीच पडला होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. त्याची एक काडी वाकली होती. "मला हरकत आहे. भरपूर आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही. पण ते पडत होते आणि मी बघत नव्हतो. तुम्ही बघत होतात." मी बाबांकडे वळलो. "उत्तर हो आहे."

तिने वाकडा चष्मा तसाच चढवला. बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. त्यांना उठायचंय असं समजून मी तो धरला आणि वर ओढायला लागलो. ते उठले नाहीत. त्यांनीच मला खाली ओढलं, आणि मी त्यांच्या खांद्यावर तोंड दाबून आईसाठी रडलो. माझ्या पाठीवर हात फिरत होते. किती आणि कोणाचे, ते मी बघितलं नाही.